चषकानंतरचा मे महिना

४ मे २०२४. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम मोहन बागानच्या पाठीराख्यांनी खचाखच भरलेलं. मध्यंतराला एका गोलने मागे असलेल्या मुंबई सिटी एफसीने उत्तरार्धात तीन गोल केले आणि इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा चषक मुंबईला आणला. गोल केले होर्गे पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोइतुस यांनी. चषक उचलण्याचा मान होता बचावफळी सांभाळणाऱ्या कर्णधाराचा: राहुल भेके, जन्माने मुंबईकर, वय तेहतीस.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा भेके मुंबई सिटीत नव्हता. करार संपला होता आणि तो बंगळूरु एफसीकडे गेला होता. पहिला गोल करणारा दियाझही त्याच क्लबमध्ये गेला.

खेळ उतरला म्हणून कुणाला निरोप मिळाला, तर ते कळतं. पण ज्याच्या हातात चषक होता तो कर्णधार महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या संघाचा होतो, हे समजून घ्यायचं तर मैदानावरून नजर काढून करारपत्राकडे वळवावी लागते.

कर्जत-खालापूरच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण इथल्या खेळाची घडीच वेगळी आहे. भातकापणी झाली की खाचरांत टेनिस बॉल क्रिकेटची खेळपट्टी तयार होते आणि गावोगावच्या मंडळांचे कबड्डी संघ सामने खेळत फिरतात. रायगड हा कबड्डीवर जीव टाकणारा जिल्हा. मंडळाचा खेळाडू म्हणजे गावचा पोरगा. नोकरीसाठी पनवेलला गेला तरी जत्रेच्या सामन्यांना तो हजर असतो, आणि त्याला संघातून वगळायचं म्हटलं तर त्याच्या घरच्यांच्या नजरेला नजर द्यावी लागते.

फुटबॉल इथे जास्त करून पावसाळ्यातला. खेळपट्ट्या पाण्याखाली गेल्या की शाळेच्या मैदानात दोन्ही टोकांना दोन-दोन चपला ठेवायच्या आणि चिखलात सुरू. चेंडू डबक्यात अडकतो, दहा जण त्याच्यावर तुटून पडतात, आणि सगळे पुढे धावलेले असताना एकच पोरगा मागे पळत येऊन चेंडू बाहेर काढतो. गोल कुणी केला ते संध्याकाळभर बोललं जातं. मागे कोण पळत आलं, ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. भेके हा त्या पोराच्या पठडीतला खेळाडू आहे, आणि म्हणूनच त्याची वाटचाल नीट बघण्यासारखी आहे.

त्याने सुरुवात केली एअर इंडियाच्या संघातून. पुढे कोलकात्याचा ईस्ट बंगाल. त्या काळात आय-लीग आणि आयएसएल वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत खेळल्या जायच्या, त्यामुळे एका क्लबचा खेळाडू काही महिने दुसऱ्या क्लबला उसना दिला जाई. भेके २०१५ मध्ये असा केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडे खेळून आला. वर्षात दोन शहरं, दोन प्रशिक्षक, दोन ड्रेसिंग रूम. २०१७ पासून दोन्ही स्पर्धा एकाच वेळी सुरू झाल्या आणि खेळाडूंना एक वाट निवडावी लागली. त्याच वर्षी तो बंगळूरुला गेला.

१७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर बंगळूरु आणि एफसी गोवा यांच्यात अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळही संपत आली, पेनल्टी शूटआउट डोळ्यांसमोर दिसू लागलं, आणि कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला भेकेने डोकं लावलं. बंगळूरुचं ते पहिलं आयएसएल विजेतेपद. स्वतःच्या शहरात त्याने परगावच्या क्लबला चषक जिंकून दिला होता. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत आला. पुढच्या वर्षी ११ एप्रिलला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध पुन्हा त्याचंच डोकं कामी आलं. मुंबई सिटीने तो सामना २-१ असा जिंकला, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. बचावपटूच्या खात्यात असे गोल मोजकेच असतात, पण त्याचे दोन गोल भारतीय फुटबॉलच्या इतिहासात जाऊन बसले आहेत.

एवढं करूनही करार संपायचा तेव्हा संपतोच. आपल्याकडे बहुतेक क्लबांचे करार ३१ मेपर्यंतचे असतात. जागतिक संघटना फिफाच्या नियमाने सज्ञान खेळाडूशी जास्तीत जास्त पाच वर्षांचा करार करता येतो, अठरा वर्षांखालच्याशी तीन वर्षांचा. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलणी करता येतात. मुदत संपली की तो मोकळा; नवा क्लब जुन्या क्लबला एक पैसाही देणं लागत नाही. क्लबच्या बाजूने बघितलं तर तिशी ओलांडलेल्या खेळाडूला पुन्हा मोठ्या पगारावर तीन वर्षं बांधून घ्यायचं की त्या पैशांत बाविशीतला पोरगा आणायचा, हा दर उन्हाळ्याचा हिशेब असतो. त्या हिशेबात मागच्या महिन्यातल्या चषकाला फारशी किंमत नसते.

करार संपल्यावर मोकळं होण्याचा हा हक्कही सुखासुखी मिळालेला नाही. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बोस्मान हा साधा, फारसं नाव नसलेला खेळाडू. १९९० मध्ये त्याचा लीज क्लबशी असलेला करार संपला. फ्रान्सचा डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण लीजने करार संपल्यावरही पैसे मागितले, व्यवहार फिसकटला आणि बोस्मानचा पगार कापला गेला. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि जगभरच्या खेळाडूंचं नशीब बदललं. बोस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांत संपून गेली होती. त्याच्या निकालावर पुढे अनेकांनी कोट्यवधी कमावले. त्याच्या वाट्याला त्यातलं जवळपास काही आलं नाही, ही गोष्ट फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला बोचायला हवी.

महाराष्ट्रात प्रश्न याहून एक पायरी खालचा आहे. युरोपात खेळाडू क्लब सोडतो. आपल्याकडे कित्येकदा क्लबच खेळाडूंना सोडून नाहीसा होतो.

महिंद्रा युनायटेड घ्या. कंपनीचा हा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. २०१३ मध्ये एअर इंडियाचा संघ क्लब परवान्याच्या अटींत बसत नाही म्हणून आय-लीगबाहेर झाला. २००७ मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी २०१५ मध्ये थांबला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला. मुंबई एफसीही त्याच वर्षी आय-लीगमधून खाली घसरून मिटला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा क्लब आला. दहा वर्षांत दोन शहरांतली ही यादी. यातल्या प्रत्येक क्लबमध्ये पंचवीस-तीस खेळाडू, शिवाय प्रशिक्षक, फिजिओ, मैदानाची निगा राखणारे.

कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या संघात खेळणाऱ्याला निदान नोकरी असे. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. मुंबईच्या फुटबॉलमधले कित्येक संसार बँका, रेल्वे, पोलीस, कस्टम्स यांच्या अशा नोकऱ्यांवर उभे राहिले. व्यावसायिक क्लब आले, पगार वाढले, सोयी आल्या, परदेशी प्रशिक्षक आले. ते चांगलंच झालं. मात्र गुडघा गेल्यावर काय, या प्रश्नाला पूर्वी जे उत्तर होतं ते गेलं, आणि नवं कुणी तयार केलं नाही. माझ्या मते भारतीय फुटबॉलने खेळाडूंवर केलेला सगळ्यात मोठा अन्याय तो हाच.

तरीही बाहेर पडणं प्रत्येक वेळी वाईटच ठरतं असं नाही. खालिद जमील महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळले, नंतर बरीच वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही त्या संघात होते. एप्रिल २०१७ मध्ये ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तक्त्याच्या तळाला होता. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

भेकेची वाट मात्र पुन्हा धुक्यात शिरली. बंगळूरुसोबत तो एप्रिल २०२५ मध्ये आणखी एका अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. जादा वेळेत मोहन बागानने तो २-१ असा जिंकला. त्यानंतर गोंधळ सुरू झाला तो क्लबांच्याही वरच्या पातळीवर. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी आपले व्यापारी हक्क दिले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नव्या कराराचा पत्ता नव्हता. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. ११ जुलैला आयएसएलच्या आयोजकांनी हंगाम स्थगित ठेवत असल्याचं कळवलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळूरु एफसीने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. नोव्हेंबरमध्ये लीग चालवण्यासाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. मुंबई सिटीतली गुंतवणूक काढून घेऊन सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबरमध्ये बाहेर पडला.

इथे करार शाबूत होता, खेळाडू तंदुरुस्त होता आणि खेळायला लीगच नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये भेके पस्तीस वर्षांचा झाला. या वयात बचावपटूला सहा महिने लीगविना काढणं म्हणजे कारकिर्दीतला उरलेला वेळ हातातून निसटताना बघणं. विशीतल्या पोराचं नुकसान वेगळं, पण तितकंच खोल: त्याचा खेळ बघायला कुणी येत नाही, आणि बघितलं नाही तर पुढचा करार कोण देणार? जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. क्लब १४, प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे साखळीत प्रत्येक संघाला १३ सामने. आधीच्या हंगामात ते २४ होते. सामने निम्म्यावर आले की राखीव बाकावरच्या खेळाडूला मिळणारी मिनिटं त्याहूनही घटतात.

आता कर्जतच्या फलाटावर येऊ. मुंबईच्या लीगमध्ये खेळायचं तर इथून सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकलने दोन तासांच्या आसपास, आणि तिथून कूपरेज मैदान. खालापूर तालुक्यातल्या पोराला त्याआधी खोपोलीची गाडी पकडावी लागते: लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत ती कर्जतला येते. गाड्या मोजक्याच, एक चुकली की सरावही चुकला. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या या पोराची शाळा किंवा कॉलेज कुठे बसवायचं, हा घरातला पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर निघालं की कागदांची पाळी येते, आणि तिथे घरचे बहुधा एकटे पडतात.

पहिला कागद नोंदणीचा. खेळाडूची नोंद महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, त्या त्या हंगामाच्या क्लबच्या नावासह व्हायला हवी. पुढे हा पोरगा परदेशी क्लबकडे मोठ्या रकमेला गेला, तर बाराव्या ते तेविसाव्या वर्षादरम्यान त्याला घडवणाऱ्या क्लबांना त्या रकमेतला वाटा मिळण्याची तरतूद फिफाच्या नियमांत आहे. नोंदच नसेल तर खोपोलीच्या क्लबचा त्यावर काही दावा राहत नाही.

दुसरा कागद कराराचा. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पगार किती आणि महिन्याच्या कितव्या दिवशी, दुखापतीचा खर्च कुणाचा, मुदत वाढवायचा अधिकार एकट्या क्लबला आहे का, हे बघायचं. फिफाच्या नियमावलीनुसार दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर त्याला करार मोडता येतो. हे माहीत नसलेली पोरं अनेकदा तोंडी आश्वासनावर हंगाम काढतात आणि मेमध्ये रिकाम्या हाताने घरी येतात. करार इंग्रजीत असतो आणि सहीची घाई नेहमी समोरच्याला असते. कर्जतला कोर्ट आहे, खालापूरलाही आहे, आणि दोन्हीकडे वकील आहेत. तो कागद वाचून घ्यायला मुंबईपर्यंत जावं लागत नाही.