धूर जाळणारी चूल

हवेच्या संदर्भात जबलपूरचे नाव अलीकडे चांगल्या कारणाने घेतले जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमात सामील असलेल्या सुमारे १३० शहरांत जबलपूर आहे, आणि या शहरांनी योजलेल्या उपायांना गुण देणाऱ्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांच्या गटात, त्याने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात दुसरा क्रमांक मिळवला. अशा उपायांमध्ये रस्त्यांवरची धूळ, वाहने, बांधकामाचा राडारोडा आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा यांना अग्रक्रम मिळतो आणि तो रास्तही आहे. परंतु लाकडाचा धूर हजारो लहान जागांतून, थोडा थोडा आणि दिवसाच्या ठरावीक वेळीच निघत असल्यामुळे त्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

हिवाळ्यात मात्र तो दृष्टीआड राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरला की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि जड असल्यामुळे वर चढत नाही. तापमानाच्या या उलट्या रचनेमुळे पहाटे निघालेला धूर टेकड्यांमधल्या या शहरावर काही तास तसाच साचून राहतो. नेमक्या त्याच वेळी आंघोळीच्या पाण्यासाठी चुली आणि बंब पेटतात, हातगाड्यांवर चहा-पोह्यांच्या शेगड्या लागतात, हलवायांच्या भट्ट्यांवर दूध आटू लागते आणि चौकाचौकांत शेकोट्या धगधगत असतात. गॅस घरोघरी पोहोचला असला, तरी सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही ती कुटुंबे स्वयंपाक गॅसवर आणि पाणी तापवणे लाकडावर अशी वाटणी करतात. म्हणून गॅस आल्यावर चुलीचा प्रश्न संपला, असे मानता येत नाही.

धूरबंदीचे क्षेत्र आणि त्यात चालणारी मान्यताप्राप्त चूल ही कल्पना भारतीय कायद्याला अपरिचित नाही. हवा (प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम १९ नुसार राज्य सरकारला, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून, एखादा प्रदेश वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तेथे मान्यताप्राप्त नसलेल्या इंधनाचा वापर रोखता येतो, आणि मान्यताप्राप्त नसलेले जळणाचे उपकरण वापरण्यास मनाई करता येते. ही रचना ब्रिटनच्या १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याची आठवण करून देते, जो डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाटलेल्या आणि हजारोंचे बळी घेणाऱ्या धुरक्यानंतर संमत झाला. फरक अंमलबजावणीत आहे. ब्रिटनमध्ये धूरनियंत्रित भागात कोणती लाकडी शेगडी चालेल, याची यादी नागरिकाला सहज पाहता येते आणि तशी शेगडी विकत घेता येते. भारतात ही तरतूद उद्योगांच्या संदर्भात वापरली गेली, घरगुती चुलीपर्यंत ती फारशी उतरलीच नाही. भट्ट्यांच्या बाबतीत न्यायालयांना पुढाकार घ्यावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचा आदेश दिला, तेव्हा पावाच्या भट्टीचा धूर हा सार्वजनिक प्रश्न असल्याचे मराठी वाचकाला प्रथमच ठळकपणे जाणवले.

चुलीची निवड करण्यापूर्वी धूर म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण बाजारातील बहुतेक गैरसमज तेथेच उगम पावतात. लाकूड थेट जळत नाही. प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघते. पुढे तापमान साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरासारखे बाष्प बाहेर पडते, आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. दिसणारी ज्योत ही या वायूंची असते. मागे उरतो तो कोळसा, जो निखारा होऊन जवळजवळ धुराविना जळतो. वायूंना पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ आणि हवेशी पुरेशी मिसळण मिळाली तर ते पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. यांपैकी काहीही कमी पडले की तेच वायू थंड होऊन सूक्ष्म थेंब आणि काजळी बनतात आणि त्यालाच धूर म्हणतात. धूर म्हणजे वाया गेलेले इंधन होय, आणि चांगली चूल ती, जी हे इंधन स्वतःच्या पोटातच जाळते.

याच कसोटीवर धुराड्याची तपासणी केली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या वा बांधल्या गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ चुलींचा मुख्य गुण धुराडे हाच होता. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने, ‘लक्ष्मी’सारख्या धुराड्याच्या चुली ग्रामीण कारागिरांच्या हाती दिल्या, आणि त्यामुळे स्वयंपाकघरात डोळे चोळत बसणाऱ्या असंख्य बायकांचा त्रास कमी झाला, हे काम मोठे होते. तथापि धुराडे धूर नाहीसा करत नाही, त्याची फक्त जागा बदलते. शेतातल्या सुट्या घरासाठी ते पुरेसे असू शकते, पण घमापूर किंवा गढ्यासारख्या दाट वस्तीत एका घराच्या धुराड्यातून निघालेला धूर शेजारच्या खिडकीतून आत जातो. शहरासाठी चूल निवडताना धुराडे आहे की नाही याला दुसरे स्थान द्यावे. पहिले स्थान धूर मुळात किती निर्माण होतो याला.

तो किती होतो, हे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकावरून समजते. सुट्या, हलवता येणाऱ्या चुलींसाठी २०१३ मध्ये सुधारलेल्या या मानकानुसार नैसर्गिक ओढीने हवा घेणाऱ्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातील उष्णतेपैकी भांड्यात पोहोचणारा भाग, किमान २५ टक्के आणि पंख्याने हवा पुरवणाऱ्या चुलीची किमान ३५ टक्के असली पाहिजे. भांड्याला पोहोचलेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे पहिलीने ३५० मिलिग्रॅमपेक्षा आणि दुसरीने १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कण सोडू नयेत, आणि कार्बन मोनॉक्साइड दोहोंत ५ ग्रॅमच्या आत असावा. मेगाज्यूल हे एकक अपरिचित वाटले तरी हिशेब घरगुती आहे. वीस लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल धरले, तर दहा टक्के कार्यक्षमतेच्या तीन दगडांच्या चुलीला या बादलीसाठी १.४ किलो लाकूड लागेल, नैसर्गिक ओढीच्या मान्य चुलीला सुमारे ५६० ग्रॅम, आणि पंख्याच्या चुलीला ४०० ग्रॅम. कणांचे उत्सर्जन मर्यादेच्या काठावर धरले तरी नैसर्गिक ओढीच्या चुलीतून सुमारे ७३५ आणि पंख्याच्या चुलीतून ३१५ मिलिग्रॅम कण बाहेर पडतील. खरेदी करताना मानकाचा उल्लेख आणि कार्यक्षमता व कणांचे उत्सर्जन हे दोन आकडे विचारावेत. ‘निर्धूर’ या शब्दाला त्यांच्याविना काही अर्थ नाही.

या मर्यादा आरोग्याच्या दृष्टीने पुरेशा आहेत, असे मात्र कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये घरगुती इंधनासाठी जी लक्ष्ये ठरवली, त्यांत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान आणि म्हणूनच फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या कणांचे उत्सर्जन, धुराडे नसलेल्या चुलीत मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅम आणि धुराडे असलेल्या चुलीत ०.८० मिलिग्रॅम इतके सुचवले आहे. भांड्याला एक किलोवॉट उष्णता देणारी पंख्याची चूल भारतीय मर्यादेच्या काठावर चालली, तर ती मिनिटाला ९ मिलिग्रॅम कण सोडते. शिवाय मानकाची चाचणी प्रयोगशाळेत, एकसारख्या कोरड्या ढलप्यांवर होते. घरात मिळेल ते सरपण, मिळेल त्या आकाराचे घातले जाते. म्हणून ज्यांना गॅस किंवा विजेची शेगडी परवडते, त्यांनी रोजच्या स्वयंपाकासाठी लाकडाची उत्तमातली उत्तम चूलही निवडू नये, हेच या आकड्यांतून निघते. लाकूड टाळणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी निवडीचा प्रश्न खरा आहे.

त्यांच्यापुढे मुख्यतः तीन रचना असतात. पहिलीत अरुंद, उष्णतारोधक अस्तर असलेला उभा ज्वलनकक्ष असतो आणि बारीक काटक्या खालून पुढे सरकवल्या जातात. ही चूल साधी, टिकाऊ आणि स्वयंपाकाच्या सवयींना जवळची असते. दुसरीत सरपण एकदाच भरून वरून पेटवतात, जाळ हळूहळू खाली सरकतो, त्यातून निघालेले वायू तापलेल्या कोळशातून वर येतात आणि काठाजवळच्या भोकांतून आलेल्या दुय्यम हवेशी मिसळून जळतात. हिचे ज्वलन स्वच्छ असते, परंतु मध्येच सरपण घातले की ती भरपूर धूर ओकते आणि भाकरीसाठी आच कमी-जास्त करणेही तिच्यात अवघड जाते. तिसरी पंख्याची. तिला चार्ज केलेली बॅटरी आणि बहुधा भुशा-टरफलांच्या दाबून केलेल्या गोळ्या लागतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेली आणि पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आलेली ‘ऊर्जा’ ही अशीच चूल होती. तिच्यासाठी लागणाऱ्या गोळ्यांची किंमत वाढत गेल्यावर घरगुती गिऱ्हाईक तिच्यापासून दूर गेले. इंधन जवळपास कायम मिळेल का, हा प्रश्न म्हणून चुलीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मराठी घरांच्या परिचयाचा तांब्याचा बंब या दृष्टीने लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. त्याच्या मधोमध उभी नळी असते, खाली जाळीवर ढलप्या पेटतात आणि नळीभोवती पाणी असते, त्यामुळे उष्णता पाण्याला चटकन मिळते. पण तीच रचना धुराला कारण होते; पहाटेच्या गार पाण्याने नळीची भिंत थंड ठेवल्यामुळे ज्योत भिंतीला लागताच विझते आणि न जळलेले वायू काजळी होऊन वर जातात. जाळी आणि पाण्याचा भाग यांच्यामध्ये वीतभर उंचीचा मातीच्या विटांचा उष्णतारोधक कक्ष घेतला, म्हणजे वायूंना जळण्यास जागा आणि तापमान मिळते आणि पाण्याशी गाठ पडण्यापूर्वीच धुराचा बराच भाग संपतो. खव्याच्या भट्टीलाही हेच तत्त्व लागू पडते आणि तेथे त्याचे मोल अधिक आहे. एक किलो खव्यासाठी सुमारे पाच लिटर दूध आटवावे लागते, म्हणजे चार किलो पाणी वाफेत जाते आणि त्यासाठी जवळपास १०.५ मेगाज्यूल, म्हणजे आंघोळीच्या पाच बादल्यांइतकी उष्णता लागते. ज्या शहराची खव्याची जिलबी प्रसिद्ध आहे, तेथील लहान भट्टीवाल्यांना जाळी, अस्तर आणि दुय्यम हवेची भोके असलेली भट्टी बांधून देणे, हे केवळ दंडाची नोटीस पाठवण्यापेक्षा अधिक फलदायी ठरेल.

कोळशाच्या शेगडीबाबत एक इशारा आवश्यक आहे. लाकडातील वायू कोळसा करतानाच निघून गेल्यामुळे तिचा धूर दिसत नाही. तथापि निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही, आणि जो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या उत्तर आणि मध्य भारतात थंडीत पुन्हा पुन्हा येतात. झोपण्याच्या खोलीत पेटती शेगडी कधीही ठेवू नये, मग ती कितीही निर्धूर असो.

शेवटी चूल कितीही चांगली असली तरी ओले लाकूड तिला निष्प्रभ करते. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते वाफ करण्यात जाणारी उष्णता एकूण उष्णतेच्या मानाने फार नसली, तरी ज्वलनकक्षाचे तापमान नेमके तेथे घसरते, जेथे वायूंना ते हवे असते. ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा. जबलपूरला चार महिने जोरदार पाऊस लागतो, त्यामुळे हिवाळ्याचे सरपण फेब्रुवारी-मार्चमध्येच घेऊन, फोडून, जमिनीपासून उंचावर आणि छपराखाली, बाजू मोकळ्या ठेवून रचावे. धावडा किंवा ऐन यांसारखे घट्ट लाकूड तर मनगटाएवढे बारीक केल्याशिवाय वाळत नाही. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत असणे सक्तीचे झाले आहे. वखारीत लाकूड वजनावर विकले जात असताना, ४० टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमागे गिऱ्हाईक ४० किलो पाण्याचे पैसे मोजते, म्हणून असा नियम त्याच्याही हिताचा आहे. आणि मान्यताप्राप्त इंधन ठरवण्याचा अधिकार १९८१ च्या अधिनियमाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधीच दिलेला असल्यामुळे, ओलाव्याची अशी मर्यादा घालण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.