जुना गेम, नवा खिसा

सोनिकला दोन पेन्सिल सेलवर पळवायचं म्हणजे खायचं काम नाही! पोर्टिंग नावाच्या एका बिनपगारी उद्योगाची ही गोष्ट...

नव्वदच्या किंवा दोन हजारच्या दशकात शाळेत असाल, तर 'टीव्ही गेम'ची कॅसेट काढून, फू फू करून पुन्हा खाचेत बसवण्याचा विधी तुम्हाला वेगळा सांगायला नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला तो डबा बहुतेक वेळा निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १', आणि आत तेच ठरावीक गेम फिरून फिरून! तरी सुट्टी मजेत जायची.

आज तो डबा असलाच तर माळ्यावर असेल. पण त्यातला मारिओ आणि त्याच्या पुढच्या पिढीतला सोनिक, दोघंही खिशात मावणाऱ्या यंत्रावर मस्त उड्या मारतात. याचं श्रेय कुठल्या बड्या कंपनीपेक्षा रात्री जागून कोड लिहिणाऱ्या हौशी प्रोग्रॅमर मंडळींना जास्त जातं. कसं, ते बघूया.

हे कॉपी-पेस्ट नाही, बॉस!

जुना गेम म्हणजे एका विशिष्ट यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञांची यादी. दुसऱ्या यंत्राला ती कळतच नाही. मग मध्ये एक प्रोग्रॅम बसवतात आणि तो हुबेहूब जुन्या यंत्राचं सोंग घेतो. हा इम्युलेटर. आणि कॉम्प्युटरसाठी लिहिलेला इम्युलेटर छोट्या हँडहेल्डवर चालेल असा बेतून घेणं, म्हणजे पोर्टिंग. शिवाजी मंदिरात रंगलेला प्रयोग एखाद्या तालुक्याच्या गावी छोट्या स्टेजवर लावायचा असेल तर नेपथ्य कापावं लागतं, लाइट जमवून घ्यावे लागतात, पण नाटक तेच दिसायला हवं. तसंच काहीसं.

आता गंमत बघा. सेगाच्या १९८८ सालच्या मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रोसेसर साधारण साडेसात मेगाहर्ट्झचा. मग २०० मेगाहर्ट्झच्या हँडहेल्डला तो डाव्या हातचा मळ वाटायला हवा, नाही का? तर नाही! जुन्या प्रोसेसरची एक आज्ञा पाळायला नव्याला अनेक आज्ञा खर्च कराव्या लागतात. शिवाय मेगा ड्राइव्हमध्ये मुख्य प्रोसेसर, आवाज सांभाळणारा दुसरा प्रोसेसर, चित्राची चिप, संगीताची चिप असे चार गडी एकाच वेळी राबायचे. त्या चौघांची कामं एकट्याने करायची, तीही सेकंदाला सुमारे ६० चित्रांच्या वेगाने. म्हणजे एका चित्राला मिळतात जेमतेम १७ मिलिसेकंद. उशीर झाला की चित्र अडखळतं आणि आवाज फाटतो.

त्यावर तोड काय? इम्युलेटर हा दुभाष्या समजा. साधा दुभाष्या प्रत्येक वाक्य ऐकतो आणि तिथल्या तिथे भाषांतर करतो. तेच वाक्य पुन्हा आलं, तरी पुन्हा पहिल्यापासून. हुशार दुभाष्या एकदा केलेलं भाषांतर वहीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी नुसतं वाचून दाखवतो. या दुसऱ्या पद्धतीला म्हणतात डायनॅमिक रीकंपायलेशन. वेग चांगलाच वाढतो. पण ती वही त्या त्या प्रोसेसरच्या भाषेत लिहावी लागते. प्रोसेसर बदलला की वही नवी.

कोरियाचा उघडा डबा

ही कसरत सगळ्यात रंगली ती दक्षिण कोरियात बनलेल्या दोन हँडहेल्डवर. २००१ मध्ये गेम पार्क कंपनीने जीपी३२ आणला. मेमरी फक्त ८ एमबी, पण घरी लिहिलेले प्रोग्रॅम चालवायला कंपनीची मुभा. २००५ मध्ये आला जीपीटूएक्स. लिनक्सवर चालणारा, २०० मेगाहर्ट्झचे दोन एआरएम प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, एसडी कार्ड आणि दोन पेन्सिल सेल! स्क्रीन ३२० बाय २४०. मेगा ड्राइव्हचं चित्र बहुतेक गेममध्ये ३२० बाय २२४. म्हणजे ताणाताणी न करता चित्र जसंच्या तसं बसलं.

त्याच सुमाराला सोनीचा पीएसपी दिमाखात मिरवत होता. यंत्र कितीतरी ताकदवान, पण दाराला कुलूप. हौशी मंडळींनी फट शोधायची, सोनीने अपडेट काढून ती बुजवायची, असा चोर-पोलिसांचा खेळ कित्येक वर्षं चालला. तरीही तिथे २००६ मध्ये 'एक्सोफेज' या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने जीपीएसपी हा गेम बॉय अॅडव्हान्सचा इम्युलेटर आणला. तो वहीवाला हुशार दुभाष्या होता. पण पीएसपीचा प्रोसेसर एमआयपीएस जातीचा आणि जीपीटूएक्सचा एआरएम. त्यामुळे जीपीटूएक्सवर नेताना त्याचा भाषांतर करणारा भाग नव्याने लिहावा लागला. पोर्टिंगमधली खरी मेहनत ही!

मेगा ड्राइव्हसाठी असाच गाजला पिकोड्राइव्ह. मूळ कोड एकाचा, आणि पुढे 'नोटाझ' नावाने वावरणाऱ्या प्रोग्रॅमरने तो जीपीटूएक्सवर आणून घासूनपुसून लख्ख केला. मेगा ड्राइव्हच्या मुख्य प्रोसेसरचं सोंग घेणारा भाग थेट एआरएमच्या असेंब्ली भाषेत होता. म्हणजे मशीनच्या अगदी कानाशी लागून बोलणं. संगीताच्या चिपचं काम जीपीटूएक्सच्या दुसऱ्या प्रोसेसरकडे सोपवायची सोय झाली. पहिल्याच्या डोक्यावरचा भार हलका, सोनिक सुसाट!

कायद्याचं काय?

आता कळीचा मुद्दा. इम्युलेटर बेकायदा असतो का? सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर ठोकलेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली निकाल दिला, की स्वतःचा इम्युलेटर बनवण्यासाठी मूळ यंत्राच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास करणं, हा त्याचा उचित वापर आहे. पण गेमची फाइल, म्हणजेच रॉम, ही वेगळी गोष्ट. तिच्यावर गेम बनवणाऱ्याचा हक्क असतो. आपल्याकडेही १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. त्यामुळे हजारो गेम ठासून भरलेलं कार्ड कुणी हँडहेल्डसोबत स्वस्तात देत असेल, तर सावध! त्यात गेमवाल्यांचा हक्क तर बुडतोच, पण फुकट राबलेल्या प्रोग्रॅमरनाही टोपी घातली जाते. पिकोड्राइव्ह आणि स्नेसनाइनएक्ससारख्या इम्युलेटरच्या परवान्यात व्यापारी वापराला स्पष्ट मनाई आहे.

निन्टेंडोच्या तक्रारीनंतर २०२४च्या मार्चमध्ये स्विचचा युझू हा इम्युलेटर २४ लाख डॉलरच्या तडजोडीनंतर बंद पडला. पुढच्याच महिन्यात अॅपलने मात्र आयफोनच्या अॅप स्टोअरमध्ये रेट्रो गेमच्या इम्युलेटरना दार उघडलं. एकीकडे धाक, दुसरीकडे पायघड्या!

मग यात आपलं काय जातं? बरंच काही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता रीतसर विकतच मिळत नाहीत. सिनेमाची जुनी रीळ जपायला संग्रहालयं आहेत, पुस्तकांना लायब्ररी आहे. गेमचं तसं नाही. यंत्र बिघडलं आणि नवं निघेनासं झालं की कॅसेट म्हणजे नुसतं प्लास्टिक. ती पुन्हा बोलती करायची तर कुणीतरी बसून त्या यंत्राचं सोंग लिहावंच लागतं, आणि दर नव्या यंत्रासाठी ते पुन्हा बेतावं लागतं.

जीपीटूएक्स बाजारातून कधीच गेला. पिकोड्राइव्ह मात्र रेट्रोआर्कमधून आजच्या फोनवर आणि हँडहेल्डवरही चालतो. २०० मेगाहर्ट्झच्या तंगीत शिकलेली काटकसर आज बॅटरी वाचवायच्या कामी येते. तेव्हा पुढच्या वेळी मेट्रोत उभ्या-उभ्या सोनिकला पळवाल, तेव्हा त्या इम्युलेटरचं 'अबाउट' पान एकदा उघडून बघा. तिथे जी चार टोपणनावं दिसतील ना, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तुमच्याकडून एक रुपयाही मागितलेला नाही.