अल्सर म्हणजे काय? कर्ज मागण्याआधी विचारायचे तीन प्रश्न



श्रावणातली गोष्ट आहे. एका गटाच्या मासिक बैठकीला मी गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि अंतर्गत कर्जाचा विषय आला. एका ताईंनी ३०,००० रुपये मागितले. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, "पिशवीला अल्सर झालाय. डॉक्टर म्हणाले काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." ताईंचं वय पस्तिशीच्या आत, दोन लेकरं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायचं, त्याआधी ऑपरेशन उरकून घ्यावं असं घरच्यांचं म्हणणं.

सचिव ताईंनी ठराव लिहायला रजिस्टर उघडलं. तेवढ्यात मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "माझ्या जावेला पण अल्सर होता, पोटात. गोळ्यांनी बरा झाला. तिचं पोट कुणी काढून नाय टाकलं!" सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. नाव एकच, मग एकीला गोळ्या आणि दुसरीला थेट ऑपरेशन, असं कसं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी एमएसडब्ल्यू केलंय, डॉक्टर नाही. मला नीट उत्तर देता आलं नाही.

गटाने त्या दिवशी कर्ज नाकारलं नाही. एवढंच ठरलं की आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं, मग ठराव करायचा. त्यानंतर मी आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून हा विषय समजून घेतला. तोच तुमच्यापुढे मांडते. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, पण ते फक्त रजिस्टरमध्ये राहायला नको.

अल्सर हे आजाराचं नाव नाही

आपल्या अंगावर बाहेरून कातडी असते. आतून तोंड, पोट, आतडी यांनाही एक ओलसर, मऊ अस्तर असतं. हे कातडं किंवा अस्तर एखाद्या जागी झिजून, कुजून खड्डा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही, त्याला अल्सर म्हणतात. भाजी चिरताना बोट कापलं तर ते चार-आठ दिवसांत भरतं. तो अल्सर नाही. पण तीच जखम महिना झाला तरी ओलीच असेल, चिघळत असेल, तर तो अल्सर.

म्हणजे "अल्सर झालाय" हे अर्धंच वाक्य आहे. जखम अंगावर कुठेही होऊ शकते आणि प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असतं. म्हणून तीन प्रश्न विचारायचे: कुठं आहे? किती दिवस झाले? आणि ती भरत का नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपण विचारतो, "यावर काय लावू?" खरं तर विचारायला हवं, "ही भरत का नाही?"

१. पोटातला अल्सर

जठरात किंवा जठराच्या पुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला ही जखम होते. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं, दुखतं. काहींना उपाशीपोटी किंवा रात्री जास्त दुखतं आणि चार घास खाल्ले की बरं वाटतं. आपण "पित्त झालंय" म्हणून सोडा पितो आणि कामाला लागतो.

पूर्वी डॉक्टरसुद्धा तिखट खाणं आणि काळजी करणं यांनाच दोष द्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू याला कारण असतात. लोकांना पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच ते जंतू पिऊन पाहिले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. तिखटाने आग जास्त होऊ शकते, पण जखम बहुतेक वेळा तिखटाने झालेली नसते. जंतू असतील तर डॉक्टर जंतू मारणारी औषधं आणि आम्ल कमी करणारी गोळी देतात, साधारण दोन आठवडे. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडायचा नाही.

दुसरं मोठं कारण आपल्या पदराच्या गाठीला बांधलेलं असतं, ते म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. खुरपणी करून कंबर धरली, मोळ्या उचलून गुडघे दुखले की दुकानातून गोळी आणायची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या वारंवार घेतल्या तर जठराचं अस्तर कमजोर होतं. जेवणानंतर घेतल्या तरी धोका पूर्ण जात नाही. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

पोटातल्या जखमेतून थोडं थोडं रक्त जात राहतं आणि आपल्याला कळतही नाही. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर हेही एक कारण असू शकतं. संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होत असेल किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळसर होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते.

२. तोंडातला अल्सर

"तोंड आलंय" असं आपण म्हणतो तोच हा. गालाच्या आत, ओठाला, जिभेला पांढरट फोड येतो, घास गिळवत नाही. बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. वारंवार तोंड येत असेल तर अंगात लोह, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असू शकतं. दाताचं टोक सारखं लागत असेल तरी येतं.

पण मिश्री लावणाऱ्या, तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्या मैत्रिणींनो, इथं जरा थांबा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती ज्या जागी धरता तिथली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंडात उभी तीन बोटं जाईनाशी झाली, तर वाट बघू नका. आणि "दुखत नाही ना, मग कशाला जायचं?" हे तर अजिबात म्हणू नका. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

३. पायाचा अल्सर

साखरेचा आजार जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल लागली, काटा घुसला, चुलीजवळ चटका बसला तरी कळत नाही. वेदना ही आपली राखणदार असते. ती गेली की जखम वाढत जाते आणि शेवटी बोट किंवा पाय कापायची वेळ येते. म्हणून साखर असणाऱ्यांनी रोज रात्री पाय धुऊन, पुसून तळवे बघायचे. स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्या किंवा सुनेला, नातीला बघायला सांगा. कुरूप ब्लेडने कापू नका. पाय गरम पाण्यात शेकू नका.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथं चिमटा घेतलेला कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. त्यातही तळपाय बधिर होऊन जखमा होतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि आजार बरा होतो. हे कुणाचं पाप नाही, की घरातून वेगळं ठेवायचं कारण नाही.

दिवसभर उभं राहून ज्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत, त्यांना घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते. तिथं नुसतं मलम पुरत नाही. बसताना पाय वर ठेवावे लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घट्ट पट्टी बांधावी लागते.

४. अंथरुणाला खिळलेल्यांचा अल्सर

सासूबाई, आई किंवा नवरा लकव्याने पडून असेल, तर माकडहाड, कुल्ले, टाचा यांवर सतत भार येतो. तिथला रक्तपुरवठा थांबून कातडी मरते. कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडला तरी लालच राहिला, की समजायचं सुरुवात झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंथरूण कोरडं आणि बिनसुरकुतीचं ठेवायचं, डाळ, अंडी, दूध असा चांगला आहार द्यायचा. लाल झालेली जागा चोळायची नाही. ही सेवा बहुतेक घरात एकटी बाईच करते. घरातल्या पुरुषांनाही कूस बदलायला शिकवा.

५. डोळ्यातला अल्सर

ऊस तोडताना पात लागते, मळणीत कुसळ उडतं. बुबुळावर ओरखडा उठतो, त्यात जंतू किंवा बुरशी जाते. डोळा लाल, पाणी, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका. इथं दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचं. दूध, मध, एरंडेल काही घालू नका. मागच्या वेळचे उरलेले थेंब तर नकोच. काही थेंबांत स्टिरॉइड असतं, त्याने जखम आणखी वाढते. उशीर झाला की डोळ्यात फूल पडतं आणि नजर कायमची जाऊ शकते.

६. लघवीच्या जागेचे अल्सर

याबद्दल आपण बोलतच नाही. इथली जखम दुखणारी असू शकते, न दुखणारीही. गरमीच्या आजारात जखम आपोआप भरते, पण आजार अंगात राहतो आणि पुढं गरोदरपणात बाळाला होतो. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तपणे, मोफत उपचार मिळतात. नवऱ्याचेही उपचार व्हायला हवेत, नाहीतर पुन्हा तेच.

आणि "पिशवीचा अल्सर"?

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडं येऊ. गर्भाशयाच्या तोंडाशी आतला लालसर, नाजूक थर कधी कधी बाहेरच्या बाजूला दिसतो. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना असं होऊ शकतं. पाहणारा त्याला "जखम" किंवा "अल्सर" म्हणून मोकळा होतो. पण ती खरी जखम नसते आणि कॅन्सरही नसतो. पांढरं जाणं, सूज, जंतुसंसर्ग यांवरही आधी औषधंच असतात. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करता येते. नुसत्या भीतीवर पिशवी काढायची नसते.

काही वेळा पिशवी काढणं गरजेचं असतंच. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्तस्राव थांबतच नसेल, तर टाळू नका. पण विनाकारण काढली, सोबत अंडाशयही गेलं, तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. मग कोयता कसा पेलवणार? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न एवढा गाजला की २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली.

म्हणून कुणी ऑपरेशन सांगितलं तर कागद मागा. त्यावर आजाराचं नाव लिहून घ्या. आधी कोणतं औषध देऊन पाहता येईल, ते विचारा. मग सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

त्या ताईंसोबत आशाताई आणि गटाच्या अध्यक्षा गेल्या होत्या. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. गोळ्या मिळाल्या, नवऱ्यालाही दिल्या, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. त्रास थांबला. गटाच्या रजिस्टरमध्ये ३०,००० रुपयांचा तो ठराव अजून तसाच अर्धा लिहिलेला आहे, खाली कुणाचीच सही नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. आपल्यापैकी कुणाची कोणती जखम किती दिवसांची आहे, एवढंच एकमेकींना विचारा. दोन आठवड्यांपेक्षा जुनी निघाली तर तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, ते तिथंच ठरवा. एकटीला पाठवू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक