जिथं ऊन पोचत नाही

आधी पाय धुवायचे. मणिबेलीत त्वचेची तपासणी इथूनच सुरू करावी लागते. डोंगर उतरून आलेल्या तळव्यावर मातीचा थर असतो आणि त्याखाली काट्यांचे जुने डाग, कुरूप, भेगा. पाणी ओतून, फडक्यानं पुसून, बोटं एकेक वेगळी करून पाहावं तेव्हा कुठं खरी कातडी दिसते.

सरदार सरोवराच्या भिंतीकडून येताना महाराष्ट्राचं हे पहिलं गाव. नर्मदाकाठचं जुनं गाव पाण्यात गेलं. राहिलेली घरं सातपुड्याच्या उतारावर विखुरली आहेत. मोठा दवाखाना इथून लांब. म्हणून नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी जे ओळखता येतं, त्याचं मोल इथं फार आहे.

त्वचेचा कर्करोग म्हटलं की उन्हानं भाजलेला चेहरा आठवतो. गोऱ्या कातडीच्या देशांत ते खरंही आहे. सावळ्या कातडीला मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरंच वाचवतं. पण मेलानोमा हा त्यातला घातक प्रकार आपल्याकडे अनेकदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली निघतो. तिथं उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यात 1977 मध्ये तोच निघाला. फुटबॉलची दुखापत वाटली होती. 1981 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

नख काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. सावळ्या माणसांच्या नखांवर काळसर पट्टे सहज असतात, बहुतेकदा एकाहून जास्त नखांवर. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मात्र एकाच नखावरचा पट्टा रुंद होत चालला असेल, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर वाट पाहायची नाही. तळव्यावरचा डागही असाच वाचावा लागतो: कडा वाकड्यातिकड्या आहेत का, रंग एकसारखा आहे की कुठं निळसर, कुठं तपकिरी. काट्याचा डाग वाढत नाही, हा वाढतो.

मग कंबर. इथं पडदा हवा आणि तपासणारी बाई हवी, नाहीतर आजी गाठ सैल करणारच नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. लुगड्याची किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळली की तिथं काळपट, खरखरीत पट्टा उमटतो. घाम, धूळ, घर्षण. कातडी सोलते, बरी होते, पुन्हा सोलते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकाऱ्यासह 1945 मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. इतकं जुनं ज्ञान; तरी 2024 मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी पुन्हा एक रुग्ण मांडली. साठीच्या उत्तरार्धातली ही बाई चाळीस वर्षं लुगडं नेसत होती. कमरेवरचा व्रण दोन वर्षांचा, आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. दोन वर्षं! एवढ्या काळात कुणीतरी तिची कंबर पाहायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणून व्रण दिसला की जांघही दाबून पाहायची.

तिसरी जागा भाजल्याच्या जुन्या वणांची. लहानपणी चुलीत पडलेल्याचा वण म्हातारपणी उघडतो, चिघळतो. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शल्यविशारदानं 1828 मध्ये असे व्रण वर्णिले. मधे तीस-तीस वर्षंही जातात, त्यामुळे जुन्या भाजण्याशी त्याचं नातं कुणी जोडत नाही. कडा उचलून बाहेर वळलेल्या, बूड कठीण, हात लागताच रक्त, दुर्गंधी: यातलं काहीही असलं तर व्रणाच्या कडेचा तुकडा तपासायला जायला हवा. नुसता मधला भाग खरवडून चालत नाही, तिथं बहुधा मेलेलं मांसच हाती लागतं.

केव्हापासून, हे विचारताना महिने विचारून उपयोग नाही. या भागात होळी सर्वांत मोठी. ‘मागच्या होळीला ही जखम होती का?’ असं विचारलं की उत्तर लगेच येतं. ‘होती’ म्हणाल्या, तर मलमाची आणखी एक डबी हातावर ठेवायची नाही. नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी नाव लिहायचं आणि सोबत कोण येणार, ते तिथंच ठरवायचं.