दीनियातचा तास आणि गणिताचा तास

तेलंगणाच्या सीमेवरच्या बिलोली तालुक्याने धर्मशिक्षण आणि सरकारी खजिना यांच्या नात्याची दोन टोके पाहिली आहेत. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या सरकारी शिक्षणात मुसलमान मुलांना ‘दीनियात’ म्हणजे धर्मशिक्षण आणि इतरांना ‘अखलाक’ म्हणजे नीतिपाठ असे. 17 सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले आणि तीन महिन्यांच्या आत, 7 डिसेंबर 1948 रोजी, दिल्लीत संविधान सभा याच प्रश्नावर चर्चा करत होती.

त्यातून आलेले कलम 28 थक्क करण्याइतके बारकाईने बेतलेले आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. केवळ अनुदान घेणाऱ्या शाळेत ते देता येते, पण मुलावर सक्ती नाही. पालकांची संमती हवी. ‘पूर्णपणे’ हा शब्द काढण्याची मागणी डॉ. आंबेडकरांनी मान्य केली नाही. शिवाय कलम 30 सांगते की संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदानात भेदभाव करता येणार नाही.

मग अडते कुठे? महाराष्ट्राने 2013 मध्ये डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. तिचा पैसा कुराणपठणासाठी नाही. गणित, विज्ञान, भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, ग्रंथालयासाठी, इमारतीसाठी आहे. तरीही पहिली अडचण बाहेरची, राजकारणाची आहे. 2015 मध्ये, हे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुलांना शाळाबाह्य धरण्याच्या निर्णयावरून मोठे वादळ उठले. ऑक्टोबर 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, डी.एड. शिक्षकांचे मानधन 6 हजारांवरून 16 हजार आणि बी.एड. शिक्षकांचे 8 हजारांवरून 18 हजार झाले. दुसरी अडचण आतली आहे. 1866 मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाने सरकारी मदतीपेक्षा लोकवर्गणीवर भिस्त ठेवली. पैशामागोमाग हुकूम येतो ही धास्ती आजही अनेक मदरशांना आहे.

ती धास्ती मला समजते, पण मुलाचे नुकसान त्याहून मोठे वाटते. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या, म्हणजे तिथे मुलाला त्या कायद्याचाही आधार नाही. दीनियातचा तास समाजाच्या वर्गणीतून चालू दे, गणिताच्या तासाचा पगार सरकारने द्यावा. संविधानाच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. झाकीर हुसेन योजनेचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायचे असतात. बिलोली परिसरातल्या मदरसा चालकांनी ते जरूर करावेत.