आनंद बाजारातली उलाढाल आणि उद्योजकतेचा अभ्यास



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या शाळांमध्ये बालआनंद मेळावा, आनंद बाजार सुरू होतात. मुलं भेळ, भजी, मेथीच्या जुड्या, बोरं-पेरू घेऊन बसतात. फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की चिमुकल्यांनी एवढ्या हजारांची उलाढाल केली. मुलांमध्ये उद्योजकता रुजली असंही त्यात लिहिलेलं असतं. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे, आणि विक्री म्हणजे उद्योजकता नव्हे. मग उद्योजकता म्हणजे नक्की काय? आजचा लेख त्यासाठी.

हा विषय जगभर विद्यापीठांत शिकवला जातो. आपल्याकडे अहमदाबादला 1983 मध्ये उद्योजकता विकासासाठी खास संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. तिथं जे शिकवतात त्याची मुळं मात्र बरीच जुनी आहेत.

रिचर्ड काँटिलाँ नावाचा मूळचा आयर्लंडचा माणूस पॅरिसमध्ये व्यवहार करायचा. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1755 मध्ये छापला गेला. त्यात त्याने उद्योजकाची खूण सांगितली ती फार सोपी आहे. उद्योजक माल ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो. मधली जी अनिश्चितता आहे, ती तो स्वतःच्या अंगावर घेतो. सकाळी मार्केटमधून कोथिंबीर उचलणाऱ्या भाजीवाल्या मावशींना हे पुस्तक न वाचताही पाठ असतं. दुपारपर्यंत जुडी गेली नाही तर भाव पाडावा लागतो, आणि घेतलेल्या मालाचे पैसे तर कधीच देऊन झालेले असतात.

पुढे 1911 मध्ये शुंपेटर या अर्थतज्ज्ञाने वेगळा मुद्दा मांडला. नुसती जोखीम घेणं पुरेसं नाही, उद्योजक काहीतरी नवी जुळणी करतो. नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाची नवी जागा किंवा कामाची नवी रचना. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईत शिक्षकी करणारा हा माणूस (हो, आपल्याच पेशातला!) बेळगावात सायकलच्या दुकानातून लोखंडी नांगराकडे वळला. लोखंडाने जमिनीत विष पसरेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, पण मुलांना सांगताना आपण थेट वाडीवर येतो आणि ती दोन वर्षं गाळून टाकतो. माझ्या मते खरा धडा त्या दोन वर्षांतच आहे. वस्तू चांगली असूनही लोक का घेत नाहीत, हे तिथं शिकायला मिळतं.

तिसरा विचार मला शाळेसाठी सगळ्यात उपयोगी वाटतो. भारतात वाढलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजक विचार कसा करतात याचा अभ्यास केला आणि 2001 मध्ये तो मांडला. मोठं ध्येय ठरवून मग साधनं गोळा करायची, असं हे लोक करत नाहीत. ते आधी हाताशी काय आहे ते बघतात. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण? मग किती पैसे बुडाले तरी चालतील ते ठरवतात आणि तेवढ्यातच सुरुवात करतात. त्यांच्या एका तत्त्वाला तर त्यांनी गोधडीचीच उपमा दिली आहे. वेगवेगळी माणसं आपापला तुकडा घेऊन येतात आणि नक्षी शिवता शिवता ठरत जाते.

लिज्जत पापड आठवा. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला घेतले. हाताशी काय होतं? लाटण्याचं कसब, इमारतीची गच्ची आणि शेजारणी.

आता आपल्या मैदानातल्या बाजाराकडे येऊ. समजा तीन मुलांनी भेळेचा स्टॉल लावला. साहित्य 180 रुपयांचं. 10 रुपयांना एक अशा 30 प्लेट जातील असा अंदाज, म्हणजे 300 रुपये. गेल्या 22. हातात आले 220. मुलं म्हणणार, आम्ही 220 कमावले! फळ्यावर वजाबाकी केली की 40 उरतात. तिघांत वाटले तर प्रत्येकी 13 रुपये आणि 1 रुपया शिल्लक. त्यात आईने कांदा चिरला, चटणी वाटली, गॅस जाळला, ते कुणी धरलंच नाही. ते धरलं तर काय होतं, हा प्रश्न एकदा वर्गात टाकून बघा. पोरं गप्प होतात, मग भांडतात, मग आईच्या कामाचा दर ठरवायला बसतात. चौथीच्या गणितात याहून चांगला तास मला तरी माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या मुलाच्या घरची वडापावची गाडी आहे किंवा जे आईबरोबर आठवडी बाजारात बसतं, ते वहीतल्या वजाबाकीत अडखळेल, पण सुट्टे पैसे चोख देईल. त्या दिवशी त्याला हिशेबनीस करा. एरवी मागच्या बाकावरचं ते पोर बाकीच्यांना भाव कधी उतरवायचा ते समजावून सांगतं.

पालकांना दोन विनंत्या. भांडवल फुकट देऊ नका, उसने म्हणून द्या आणि संध्याकाळी परत मागा. आणि आपल्याच लेकराच्या स्टॉलवर 100 ची नोट देऊन "राहू दे बाळा" म्हणू नका. प्रेमापोटी करता, कळतं. पण मग आपली भेळ खरंच चांगली होती का, हे त्याला कधीच कळत नाही. काही घरांत "अभ्यास नाही केलास तर धंदा करावा लागेल" असंही ऐकू येतं. वर्गात एखाद्या दुकानदाराचं, फेरीवाल्याचं मूल बसलेलं असतं हो.

शिक्षकांनी बाजाराच्या आदल्या दिवशी प्रत्येक गटाकडून एका पानावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोण घेईल, किती खर्च येईल, आणि उरलं तर काय करायचं. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक गट "आम्ही खाऊ" असं लिहितात. खाऊ द्या, फक्त ते खर्चात धरायला सांगा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा पहिला तास हिशेबाला ठेवा आणि जमलं तर महिन्याभरात छोटा दुसरा बाजार भरवा. 30 प्लेटचा अंदाज करणारा गट या वेळी किती प्लेटचं साहित्य आणतो, ते बघण्यासारखं असतं.