शाळेच्या खोल्यांसाठी लोकवर्गणी काढताना

गावच्या शाळेला खोल्या कमी पडल्या की ग्रामस्थ वर्गणी काढून त्या बांधतात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी बायाबापड्या रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. हाच मुष्टिफंड. आपल्या गावात असं काम काढायचं असेल, तर पैसे शेवटी मागा, कागद आधी करा.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेल्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. समितीचा ठराव आणि ग्रामसभेची मान्यता घेऊन जिल्हा परिषदेकडे बांधकामाची परवानगी मागावी.

मग जागा. इथे गावं हमखास फसतात. एखादा दानशूर शेतकरी भर सभेत दोन गुंठे देतो, टाळ्या होतात, कागद होत नाही. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या की कुंपण थेट शाळेच्या भिंतीला येऊन भिडतं. म्हणून बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता जमीन दिल्याचा नोंदणी केलेला दस्त, करून घ्यावं आणि सातबारावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

त्यानंतर अभियंत्याकडून अंदाजपत्रक, म्हणजे बाबवार खर्चाचा तक्ता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, रॅम्प हे सगळं त्यात आधीच धरावं. मागाहून आठवलेलं स्वच्छतागृह बहुधा राहूनच जातं.

आता वर्गणी. ती सुगीनंतर काढावी, तेव्हा घरात पैसा असतो. घरटी सारखी रक्कम ठरवू नये. मजुरी करणाऱ्या घराला ती जड जाते आणि तिथली मुलं शाळेत ओशाळी होतात. ज्याला जमेल त्याने श्रमदान करावं, ट्रॅक्टरच्या खेपा द्याव्यात, आणि त्याचीही पावती फाडावी. पैसे फक्त बँक खात्यात घ्यावेत. कबूल केलेली आणि हातात आलेली रक्कम वेगळ्या रकान्यांत लिहून तो तक्ता दर महिन्याला पारावर लावावा. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या एका कागदात आहे. हिशेब दिसेनासा झाला की देणारे हात आखडतात.

मुंबई-पुण्यातले गावकरी आयकरात सवलत मिळेल का, असं विचारतात. देणगीवरच्या करसवलतीसाठी आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेलाच देणगी दिली तर ती मिळते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही, नव्या करप्रणालीतही नाही.

बांधकाम टप्प्याटप्प्याने करावं: जोतं, भिंती, स्लॅब. पुढच्या टप्प्याचे पैसे खात्यात आल्याशिवाय त्याला हात घालू नये. नाहीतर स्लॅबविना भिंती पावसाळा काढतात. स्लॅब झाला की त्यावर आळी करून दोन आठवडे पाणी साचतं ठेवावं. भर उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाचवायला इथेच हात आखडला जातो, आणि मग गळतीला सुरुवात होते.

काम पुरं झाल्यावर खोल्या लेखी ताब्यात द्याव्यात आणि शाळेच्या यू-डायस माहितीत, म्हणजे शासनाकडे दरवर्षी जाणाऱ्या नोंदीत, त्या चढल्या का, हे मुख्याध्यापकांकडे जाऊन स्वतः पाहून घ्यावं.